सुट्टी एकट्याने घेता येत नाही



रविवार आपण गृहीत धरतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो मिळाला १० जून १८९० रोजी, आणि त्यासाठी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे सहा वर्षं झगडले. १८८४ साली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन त्यांनी सरकारपुढे ठेवलं. त्यातल्या मागण्या बघा: आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पंधरा तारखेच्या आत. १८९०च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजारो कामगारांची सभा भरली, तिथे दोन स्त्रियाही बोलल्या. त्यानंतर गिरणीमालक नमले. साचे बंद झाले, म्हणून कामगार निर्धास्त घरी बसला. शेजारचा साचा चालू आहे आणि आपलाच बंद, अशी धाकधूक कुणालाच नव्हती.

ही धाकधूक आज घराघरांत आहे.

गेल्या मे महिन्यात गुहागरला आम्ही ज्या घरी उतरलो होतो, तिथे हिंजवडीतल्या एका कंपनीत टीम लीड असलेल्या बाई सहकुटुंब आल्या होत्या. १ मे आपल्याकडे सुट्टी, पण अमेरिकेतल्या क्लायंटचा तो कामाचा दिवस. पडवीच्या एका कोपऱ्यातच रेंज मिळायची. तिथे खुर्ची ओढून त्या बसल्या, मांडीवर लॅपटॉप. घरची माणसं समुद्रावर गेली, भिजून परतली, जेवणाची पानं मांडली गेली. तोवर एकही मेसेज आला नव्हता. तरी त्या उठल्या नव्हत्या, कारण तो कधीही आला असता. अशी वाट बघत बसणं हे कामच आहे, आणि ते कुठल्याच हजेरीपटावर चढत नाही.

अशा माणसाला आपण लगेच उपदेश करतो: फोन बंद ठेवा, प्राणायाम करा, मनावर ताबा ठेवा. मला हा उपदेश अन्यायाचा वाटतो. साबिने झोनेनटाग या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी कामातून मन सुटण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. त्यांचं निरीक्षण असं, की ज्याच्यावर कामाचा भार जास्त, त्याला विश्रांतीची गरज सर्वांत मोठी, आणि नेमकं त्याचंच मन कामातून सुटत नाही. म्हणजे दमलेल्यालाच आपण आणखी एक काम सांगतो, आराम करण्याचं.

काही देशांनी यासाठी कायदाच केला. फ्रान्समध्ये २०१७पासून पन्नास किंवा अधिक माणसांच्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काविषयी कामगार संघटनांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात २०२४मध्ये वेळेबाहेरच्या निरोपाला उत्तर न देण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत याच हक्काचं खासगी विधेयक मांडलं, त्याचा कायदा झाला नाही. तो व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण कायद्याची वाट न बघताही पुष्कळ करता येतं. रुग्णालयातली परिचारिका बघा. तिचं काम जीवन-मरणाचं असतं, तरी पाळी संपली की ती चार्ज देते. कुठल्या खाटेवरच्या रुग्णाला काय दिलं, काय द्यायचं राहिलं, हे पुढच्या पाळीला सांगते आणि मग निघते. खरोखर तातडीच्या कामात पाळी ठरवता येते. मग ज्या कामात सोमवारपर्यंत कुणाचंच काही अडत नाही, तिथे दहा जणांनी जोडून आलेल्या सुट्टीचे तीन दिवस फोन उशाशी घेऊन का झोपावं?

या सभागृहात अनेकांच्या हाताखाली माणसं काम करतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या जोडून आलेल्या सुट्टीआधी कोणाची पाळी आहे ते लिहून लावा, त्या माणसाला बदली रजा द्या, आणि बाकीच्यांना सोमवार सकाळपर्यंत एकही निरोप धाडू नका. ‘सवडीने बघा’ असं लिहूनसुद्धा नको.