बैलाचा खांदा

उसाचा हंगाम आला,
की चिकोडी-निपाणीच्या रस्त्यांवर पहाटेपासून घुंगरं वाजतात.
गाडी काठोकाठ भरलेली.
चढ लागतो,
आणि बैल गुडघ्यावर येतो.

बैलगाडा शर्यतींवर आपण खूप वाद घातला.
2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी देणारे राज्यांचे कायदे वैध ठरवले.
पण रोज ऊस ओढणाऱ्या बैलाबद्दल कोण बोलतं?

ओझं ओढणाऱ्या जनावरांसाठीचा नियम जुना आहे, 1965 चा.
दिवसाला 9 तासांहून जास्त काम नको.
सलग 5 तासांनंतर विसावा हवाच.
पारा 37 अंशांपुढे गेला,
तर दुपारी 12 ते 3 बैल जुंपू नये.
पुन्हा सांगतो.
मध्ये विसावा, आणि भर उन्हात जू नको.

नुसता गाडीवानाला दोष देऊन भागणार नाही.
ऊस जास्त, तर पैसे जास्त;
त्याचंही पोट त्यावरच आहे.

इस्लामपूरजवळच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी 2022 मध्ये जुवाखाली एक चाक बसवून दाखवलं.
पुढचा भार चाकानं घेतला,
मान हलकी झाली.

बेंदराला आपण हळद-लोण्यानं बैलाचा खांदा मळतो.
हंगामातही गाडी सोडली,
की खांद्यावरून हात फिरवा.
कातडी गरम लागली, सूज दिसली,
तर उद्या जुंपू नका.
जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.