शेवटच्या सायकलचा वेग

(युवक कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



दापोली ते रत्नागिरी अशी पाच दिवसांची सायकल-सहल काढण्याचे तुम्ही ठरविले आहे आणि तिची आखणी कशी करावी हे सांगण्यासाठी मला येथे बोलाविले आहे. उभा जन्म मी नियोजनाचे अर्थशास्त्र शिकविले. सायकलींचे नियोजन शिकविण्याचा योग मात्र निवृत्तीनंतर आला! तथापि दोहोंतला मूळ प्रश्न एकच आहे. योजना आखताना आपल्या डोळ्यांसमोर कोण असतो?

तरुणपणी आम्ही बाराजणांनी अशीच सहल काढली होती. नकाशावर बोट ठेवून रोजचे साठ किलोमीटर मोजणारे आम्ही दोघे, आणि दोघांच्याही सायकली नव्या. आमच्यातल्या एका शेतमजुराच्या मुलाने भाड्याची जुनी सायकल आणली होती. दुसऱ्या दिवशी चढावर तो मागे पडला. आम्ही पुढच्या गावी चहा घेत त्याची वाट पाहत बसलो, आणि तो घामाघूम होऊन पोहोचताच ‘चला’ म्हणत उठलो. आमची विश्रांती झाली होती, त्याची झालीच नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.च्या टपावर सायकल चढवून तो परत गेला. पुढे तो आमच्या अभ्यासवर्गालाही आला नाही. सहल ठरल्या वेळी पूर्ण झाली, याचा आम्हांला त्या वेळी अभिमान वाटला होता. आज लाज वाटते.

म्हणून पहिला नियम असा: सर्वांत मागे राहणाऱ्याचा वेग हाच तुकडीचा वेग. निघण्यापूर्वी महिनाभर आधी, सामान लादून, एक पूर्ण दिवस सर्वांनी मिळून चढाची वाट चालवून पाहा. शेवटचा माणूस न दमता जेवढे अंतर कापील, तेवढाच एका दिवसाचा टप्पा धरा. मातीच्या वाटेवर तो तीस-पस्तीस किलोमीटरांहून अधिक असू नये. मागून येणारा टेकल्यावर त्याची विश्रांती संपेपर्यंत पुढच्यांनी उठू नये. सर्वांच्या शेवटी एक जाणता सायकलस्वार असावा. पंप, पंक्चरचे साहित्य, जादा ट्यूब, ब्रेकचे रबर आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्यापाशी हवी. कारण गरज मागे पडते, पुढे नव्हे.

आता वाट पाहू. दापोलीहून दाभोळ, तेथून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपावे, मग गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. तेथे पुन्हा फेरीबोट. शास्त्रीची खाडी ओलांडली की जयगड, आणि मग केशवसुतांच्या मालगुंडावरून रत्नागिरी. डांबरी रस्ता सोडून जांभ्याच्या सड्यावरून जाणाऱ्या वाटा तुम्ही निवडल्या आहेत. सड्यावर सावली नाही, पाणीही क्वचितच. म्हणून डिसेंबर-जानेवारीत, उजाडताच निघावे आणि अकराच्या आत निम्म्याहून अधिक टप्पा संपवावा. उतारावरच्या सुट्या खड्यांवर चाक घसरते. तेथे उतरून चालण्यात कमीपणा नाही. शिरस्त्राण सर्वांना सक्तीचे असावे. फेरीबोटींच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात. शेवटची बोट गाठण्यासाठी अंधारात सायकली दामटू नयेत. मुक्काम शाळेत करावयाचा असल्यास मुख्याध्यापकांना व ग्रामपंचायतीला आधी पत्र द्यावे, आणि शौचालयाची व्यवस्था एकाने प्रत्यक्ष जाऊन पाहावी. मुली सहलीला येत नाहीत अशी तक्रार करण्यापूर्वी हे एवढे करून पाहा.

सर्वांत अवघड भाग खर्चाचा. तुमच्या अंदाजपत्रकात जेवण, बोटीचे भाडे आणि दुरुस्ती आहे; बुडणारी मजुरी नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला पाच दिवस म्हणजे सुट्टी. गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या तरुणाला तीच पाच दिवसांची कमाई असते. ‘ज्याने त्याने आपली सायकल आणावी, वर्गणी सर्वांना सारखी’ हा नियम दिसायला समतेचा आहे; पण मजुराला तो दारातच अडवितो. वर्गणी ऐपतीप्रमाणे घ्या. सायकलींची डागडुजी सामायिक निधीतून करा, आणि ज्याची मजुरी बुडेल त्याला ती त्याच निधीतून द्या. ही भीक नव्हे, सहलीचा खरा खर्च आहे. आजवर तो आपण हिशेबात धरीत नव्हतो, इतकेच. निधी अपुरा पडला तर पाचाचे तीन दिवस करा, पण माणसे कमी करू नका.

१९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे तरुण-तरुणींची ‘भारत जोडो’ सायकलयात्रा घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पाठीच्या विकारामुळे त्यांना बसणेही कठीण होते. स्वतः सायकल चालविण्याचा प्रश्नच नव्हता. जो सायकल चालवू शकत नाही तोही सायकलयात्रेचा प्राण होऊ शकतो, हे त्या यात्रेने दाखविले. तुमच्या तुकडीतही अशांना जागा ठेवा.

रत्नागिरीला पोहोचल्यावर किती किलोमीटर झाले हे मला कळविले नाही तरी चालेल. किती निघालात आणि किती पोहोचलात, एवढे दोन आकडे मात्र जरूर कळवा. ते सारखे असले, तर तुमची योजना यशस्वी झाली असे मी समजेन.