मांजरीचीं तान्हीं पिलें

मांजरी आपलीं पिलें सात घरें फिरविते, असें लोक म्हणतात. सातांचा आंकडा कोणीं मोजला असेल तो असो. पण उजेड, वर्दळ आणि मुलांचे हात यांचा तिला संशय आला कीं ती जागा बदलते, हें खरें. म्हणून माळ्यावर किंवा जिन्याखालीं चार पिलें एकटींच दिसलीं, तर तीं पोरकीं झालीं असें लगेच धरून चालूं नये. आई भक्ष्यासाठीं गेलेली असेल. जरा दूर उभें राहून कांहीं तास वाट पाहावी. पिलें पोटभरलीं व शांत निजलेलीं असलीं, तर आई येऊन जात आहे असें समजावें. तीं सारखीं ओरडत असलीं, पोटें खपाटीस गेलीं असलीं आणि अंग हातास गार लागलें, म्हणजे मात्र स्वस्थ बसण्याची वेळ नव्हे.

अशा वेळीं बहुतेक घरांतून पहिली धांव दुधाच्या पातेल्याकडे असते. हेतु दयेचा खरा, पण याच दयेपायीं पुष्कळ पिलें दगावतात. नुकत्या जन्मलेल्या पिलाचें वजन सुमारें १०० ग्रॅम असतें. पहिल्या आठवड्यांत त्यास कुडकुडतांही येत नाहीं. अंगची ऊब राखण्याची शक्ति त्यास अद्याप यावयाची असते. आईच्या कुशीवांचून तें पाहतां पाहतां गार होतें, आणि गार पडलेल्या पिलाची पचनक्रिया मंदावते. मग पाजलेलें दूध पोटांत पडून राहतें, किंवा उलटून श्वासनलिकेंत शिरतें. याकरितां आधीं ऊब आणि मग दूध, हा क्रम कधींही मोडूं नये.

ऊब द्यावयाची तीही बेतानें. गरम पाण्याची रबरी पिशवी जाड फडक्यांत गुंडाळून टोपलीच्या एकाच बाजूस ठेवावी, म्हणजे फार उकडूं लागल्यास पिलास दुसरीकडे सरकतां येईल. पहिल्या आठवड्यांत त्याच्या भोंवतालची हवा ३० ते ३२ अंश सेल्सियस असावी. मुंबईच्या मे महिन्यांत हें आपोआप साधतें. आषाढांतल्या ओलसर फरशीवर किंवा पुण्याच्या थंडींत साधत नाहीं. पिशवी निवाली कीं तीच उलट पिलाची ऊब शोषून घेते, म्हणून रात्रीं उठून ती बदलणारें कोणी तरी घरांत असलें पाहिजे.

आतां दूध. गाईच्या दुधांत प्रथिनें मांजरीच्या दुधाच्या जवळजवळ निम्मींच असतात, आणि पुष्कळ पिलांस त्यानें जुलाब होतात. एवढ्याशा देहांतील पाणी दिवसभरांत आटून जावयास तेवढें पुरे. पिलांसाठीं खास तयार केलेली दुधाची भुकटी प्राण्यांच्या औषधांच्या दुकानांत मिळते. तीच कोमट पाण्यांत कालवून पहिल्या आठवड्यांत दर दोन-तीन तासांनीं, रात्रींसुद्धां, पाजावी. तान्ह्या मुलास पाजतात तसें पिलूं उताणें धरूं नये. तें पालथें ठेवून, मान किंचित् वर करून, त्याचें त्याला चोखूं द्यावें. नाकांतून दूध आलें तर तें फुप्फुसांत उतरण्याचें भय असतें.

आणखी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळें घोटाळा होतो. पहिले सुमारें तीन आठवडे पिलास आपण होऊन लघवी व शौच होत नाहीं. आई चाटते तेव्हां तें होतें. आई नसेल तर प्रत्येक पाजण्यानंतर कोमट पाण्यांत भिजविलेल्या कापसानें तो भाग हळूच पुसावा. स्वयंपाकघरांतील लहान वजनकांट्यावर रोज वजन करावें. दिवसास दहा ग्रॅमच्या आसपास वाढ व्हावी. एक दिवसही वजन घटलें तर पशुवैद्याकडे न्यावें, उद्यांवर ढकलूं नये.

पिसवांकडे क्षुल्लक म्हणून पाहतात, पण पुष्कळ पिसवा लहानग्या पिलाचें रक्त शोषून त्यास मारूं शकतात. त्या बारीक दांतांच्या फणीनें काढाव्या. कुत्र्यांसाठीं मिळणारें परमेथ्रिनयुक्त औषध मांजरास विषच आहे. घरांतील तापाची पॅरासिटामॉलची गोळीही तशीच.

घरांत गरोदर बाई असली कीं पिलें बाहेर टाकण्याची घाई होते. टोक्सोप्लाझ्मा नांवाचा जंतु मांजराच्या विष्ठेंतून येतो हें खरें. पण नुसत्या दुधावर असलेल्या पिलांपासून ही भीति फारच थोडी. मोठ्या मांजराची विष्ठा ताजी असतांना बाधत नाहीं, त्यांतील जंतूस बाधक होण्यास निदान एक दिवस लागतो. म्हणून घरांतील दुसऱ्या कोणी ती रोजच्या रोज काढली, तर पिलांस घालविण्याचें कारण उरत नाहीं. मात्र बाहेर हिंडणारी आई चावली वा तिनें ओरबाडलें, तर जखम साबण लावून पंधरा मिनिटें वाहत्या पाण्याखालीं धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. येथें प्रश्न पिसाळरोगाचा असतो.

चवथ्या आठवड्याच्या सुमारास पिलूं बशीजवळ येऊन दुधांत नाक बुडवूं लागतें. तेव्हांपासून बाटली हळूहळू सुटते, आणि घरच्या माणसांस रात्रीची झोंप मिळूं लागते.