पश्चातबुद्धी आणि न्याय



पऱ्हे तयार, बांधीत पाणी, मजूर हाताशी, म्हणून शेतकऱ्याने रोवणी उरकली आणि नंतर पावसाने दडी मारली, की पारावरची मंडळी म्हणतात, ‘घाई केली!’ पाऊस पडता, तर हीच मंडळी त्याला दूरदर्शी म्हणाली असती. निर्णय एकच, पावसाने त्याचे नाव बदलले.

क्रिकेटचे संघमालक खेळाडूंची अदलाबदल करतात, तेव्हाही आपला न्याय असाच पावसाच्या हाती असतो. इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०१८च्या नोव्हेंबरात हैदराबादने शिखर धवन दिल्लीला दिला आणि विजय शंकर, शाहबाज नदीम व अभिषेक शर्मा हे तिघे घेतले. अभिषेक तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुढे २०२४ साली त्याने हैदराबादसाठी ४८४ धावा झोडपल्या, संघ अंतिम सामन्यात पोहोचला. झाले! ‘दिल्लीने हिरा दिला,’ असा निकाल लागला.

पण हा निकाल टिकतो काय? दिल्लीला हवा होता कसलेला सलामीचा फलंदाज. धवनने २०१९ ते २०२१ या तीन हंगामांत अनुक्रमे ५२१, ६१८ आणि ५८७ धावा केल्या, आणि २०२० साली दिल्ली प्रथमच अंतिम सामन्यात खेळली. शिवाय २०२२च्या लिलावापूर्वी हैदराबादने अभिषेकला मोकळे सोडले होते. लिलावात साडेसहा कोटी मोजून त्याला पुन्हा घेतले. म्हणजे २०२४च्या धावा जुन्या अदलाबदलीच्या खात्यावर मांडताच येत नाहीत. त्या दुसऱ्या खरेदीच्या आहेत.

तेव्हा न्याय करताना तीन गोष्टी विचाराव्यात. त्या दिवशी काय माहीत होते? गरज कशाची होती? आणि हक्क किती काळाचा मिळाला? निष्पत्ती पाहूच नये, असे माझे म्हणणे नाही. तिच्यातून पुढच्या वेळेसाठी शिकावे. जे तेव्हाच कळण्याजोगे होते ते ज्याने पाहिले नाही, त्याला दोषही जरूर द्यावा. मग निकाल त्याच्या बाजूने लागला असला तरी!

कारण दैवाने हरलेल्याला आपण मूर्ख ठरवू लागलो, तर उद्या विचार करून धाडस करणारा माणूस उरणार नाही. उरतील ते केवळ पारावरचे पंच.