मुक्त म्हणजे फुकट नव्हे



संगणकाचा सारा व्यवहार सांभाळणाऱ्या मूळ प्रणालीला कार्यप्रणाली म्हणतात. ती पैसे देऊन घ्यावी की मुक्त स्वरूपात मिळणारी वापरावी, हा प्रश्न शाळा, ग्रंथालये व कार्यालये यांच्यापुढे वारंवार येतो. बहुधा परवान्याचे शुल्क तेवढे पाहून त्याचा निकाल लावला जातो. हा हिशेब अपुरा आहे.

व्यापारी कार्यप्रणालीचा ग्राहक तिचा मालक होत नाही. ठरावीक अटींवर ती वापरण्याची परवानगी तेवढी त्याला मिळते. दुरुस्ती निर्मात्याच्याच हाती असते आणि तिला मुदत असते. ‘विंडोज १०’चे नित्याचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तिच्यानंतरची ‘विंडोज ११’ अनेक जुन्या, पण सुस्थितीतील यंत्रांसाठी ग्राह्य धरली जात नाही. तेव्हा परवान्याच्या खर्चात नव्या यंत्रांची किंमतही मिळवावी लागते.

लिनक्सची गोष्ट निराळी. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा आरंभ केला. तिची संहिता कोणीही वाचावी, बदलावी, इतरांस द्यावी. तथापि देखभालीला माणसे लागतातच. ‘रेड हॅट’ ही कंपनी लिनक्ससाठी वर्गणी घेते, ती मुख्यतः साहाय्याची. तिच्याच संहितेवर आधारलेल्या ‘सेंटओएस लिनक्स ८’ या विनामूल्य प्रणालीला २०२९ पर्यंत साहाय्य मिळेल, अशी अपेक्षा होती. ते २०२१ च्या अखेरीसच थांबले.

जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ साली लिनक्सकडे वळण्याचे ठरविले आणि सुमारे १५,००० संगणक तिच्यावर आणले. २०१७ साली तिने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. इतर कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण आणि कर्मचाऱ्यांची गैरसोय, यांचाही खर्च असतो, हे तेथे दिसून आले.

केरळने मात्र २००१ साली सुरू केलेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पातून सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर आणल्या आणि तेथेच टिकविल्या. त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण दिले, मल्याळमला अनुकूल अशी प्रणाली सिद्ध केली. तेथेही पैसा खर्च झालाच. पण त्याचा मोठा वाटा आपल्याच माणसांच्या शिक्षणावर झाला, आणि ते ज्ञान राज्यातच राहिले.

म्हणून निवड करताना दोन प्रश्न विचारावेत. यंत्र अडले तर ते कोण दुरुस्त करील? आणि उद्या त्याने नकार दिला, तर दुसऱ्या कोणाकडे जाण्याची मोकळीक आपल्याला असेल काय? मुक्त प्रणाली ही मोकळीक देते. तिचा उपयोग करणारी माणसे मात्र आपणच घडवावी लागतात.