अपडेट कोणाच्या हाती?

(परभणी येथील व्याख्यानाचा मजकूर)



ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट हा विषय या व्यासपीठावर अनोळखी वाटेल. परंतु शाळा, ग्रामपंचायत आणि शेतकऱ्याचा पीकविम्याचा अर्ज ज्या यंत्रावर विसंबून आहेत, त्यात केव्हा आणि कोणाच्या इच्छेने बदल व्हावा, हा प्रश्न वस्तुतः सत्तेचा आहे.

प्रचलित पद्धती मुख्यतः तीन. पहिलीत मालक सवडीने अपडेट बसवतो. तिचा धोका मे २०१७ मध्ये दिसला. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती. ती न बसवलेली असंख्य यंत्रे ‘वॉनाक्राय’ने निकामी केली.

दुसरी स्वयंचलित : कंपनी धाडते, यंत्र निमूट स्वीकारते. परंतु जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. ही अपडेट ऑपरेटिंग सिस्टिमची नव्हती. पद्धत मात्र तीच. म्हणजे दिरंगाई घातक, तशीच आंधळी तत्परताही.

तिसरी पद्धत टप्प्याटप्प्याची. ती परभणीकरांना नवी नाही. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ नवे वाण एकदम सर्व शिवारांत पेरायला सांगत नाही. आधी प्रक्षेत्रावर चाचणी, मग शिफारस. तसेच अपडेट आधी दोन-चार यंत्रांवर, नंतर सर्वांवर, आणि बिघडल्यास मागे परतण्याची सोय हाताशी. लिनक्समध्ये अपडेटचा साठा स्थानिक सर्व्हरवर एकदाच उतरवून सर्व यंत्रांना पुरवता येतो. मंद इंटरनेटच्या गावी ही बचत लहान नव्हे.

येथेच अर्थकारण येते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण सुस्थितीतील संगणक भंगारात काढायचे काय? त्यांवर लिनक्स चालू शकते. सी-डॅकची ‘बॉस’ त्यावरच उभी आहे, आणि केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे वापरले आहे.

म्हणून मागणी एवढीच : जिल्ह्याच्या पातळीवर अपडेटचा सामायिक साठा असावा, तो तपासणारे कायम पगारी तंत्रज्ञ असावेत. यंत्र जनतेच्या पैशाचे असेल, तर त्यात बदल करण्याचा निर्णयही जनतेला उत्तरदायी असणाऱ्यांनीच घेतला पाहिजे.