थॅचरचे बोर्गस्ट्रॉम बंधू
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय कळवा, असे चिटणिसांचे पत्र आले तेव्हा "एका शेतकरी कुटुंबातील भाऊ" एवढेच मी लिहून पाठविले. त्यामुळे मी वाटणीच्या दाव्यांवर बोलणार आहे अशी काही मंडळींची समजूत झालेली दिसते. त्या विषयावरही आपल्यात बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण तो आज नको. आज मी आपणास फार दूर घेऊन जाणार आहे.

अमेरिकेच्या यूटा राज्यात थॅचर नावाचे एक लहानसे खेडे आहे. आसपासचा मुलूख बेअर नदीच्या पाटाच्या पाण्यावर पिकणारा. जवळच गार्लंड गावी १९०३ साली बीटापासून साखर करण्याचा कारखाना निघाला. पाण्याची पाळी, कारखान्याचा हंगाम आणि घरातील हातांची संख्या यांवर वर्षाचा हिशेब मांडणारा तो समाज. आपल्या बागायती पट्ट्यातील मनुष्याला त्यात परके वाटण्यासारखे थोडेच. वस्ती बहुतांशी मॉर्मन पंथाची. या गावात आल्बेन बोर्गस्ट्रॉम आणि त्यांची पत्नी गुंडा यांचे शेत होते. दुसऱ्या महायुद्धात या एका घरातून पाच मुलगे लढाईवर गेले.

त्यांपैकी चौघांचे काय झाले ते तारखांनिशी सांगतो. क्लाइड हा नौदलाच्या मरीन दलात होता. १७ मार्च १९४४ रोजी पॅसिफिक महासागरातील ग्वाडालकॅनाल बेटावर झाड अंगावर कोसळून तो गेला. २२ जून रोजी लीरॉय इटलीतील लढाईत पडला. रोलन व रूलन हे जुळे. वय अवघे एकोणीस. रोलन बाँबफेकी विमानावर होता. ८ ऑगस्ट रोजी इंग्लंडमध्ये त्याचा अंत झाला. रूलन पायदळात होता. २५ ऑगस्ट रोजी फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदराजवळ तोही गेला. पहिल्या मृत्यूपासून चौथ्यापर्यंत १६१ दिवस होतात. पेरणीपासून सुगीपर्यंत आपल्याकडे जेवढा काळ जातो, साधारण तेवढाच.

क्लाइडचा मृत्यू शत्रूच्या गोळीने झालेला नाही, हे मी मुद्दाम सांगितले. वीरगाथा लिहिणारे असे तपशील गाळतात. परंतु युद्धात माणसे झाडाखाली सापडून मरतात, तापाने मरतात, वाहन उलटून मरतात; आणि आईला येणारी तार तितकीच लहान असते.

पाचवा भाऊ बॉइड हाही मरीन दलात होता. चौघे गेल्यावर सरकारने त्यास परत आणून सेवामुक्त केले. धाकटा एल्डन घरीच होता.

या सुमारास अमेरिकेत सलिव्हन बंधूंचे नाव सर्वतोमुखी झालेले होते. आयोवा राज्यातील हे पाच सख्खे भाऊ एकत्र ठेवण्याच्या अटीवर नौदलात शिरले, आणि १३ नोव्हेंबर १९४२ रोजी त्याच ग्वाडालकॅनालच्या परिसरात 'जूनो' या युद्धनौकेबरोबर पाचही गेले. त्यांच्यावर चित्रपट निघाला, युद्धनौकेला त्यांचे नाव मिळाले. त्यानंतर सख्ख्या भावांना एका जहाजावर ठेवण्यास कायद्याने बंदी झाली, असे सर्रास सांगितले जाते. तसा कायदा झालेला नाही. बोर्गस्ट्रॉम बंधू चार वेगळ्या ठिकाणी होते. वेगळे ठेवल्याने भाऊ वाचतातच असे नाही, हे त्यांच्या कथेवरून कळते. त्यांची कथा मात्र सलिव्हनांइतकी गाजली नाही.

युद्ध संपल्यावर, मुलाचा देह परदेशच्या भूमीत राहू द्यावा की घरी आणावा, हे ठरविण्याचा अधिकार अमेरिकन सरकारने नातेवाइकांस दिला. बोर्गस्ट्रॉम कुटुंबाने चारही मुलांना परत आणविले. २६ जून १९४८ रोजी चौघांचा अंत्यविधी एकत्र झाला आणि ट्रेमंटन गावच्या दफनभूमीत त्यांना शेजारी शेजारी ठेवण्यात आले. राज्याचे गव्हर्नर आले, मॉर्मन पंथाचे अध्यक्ष आले. अमेरिकेच्या पश्चिम भागातील सैन्याचे प्रमुख जनरल मार्क क्लार्क हेही आले.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा विषय घेतला तो सांगतो. जनरल क्लार्क पुढे तो स्वतः सांगत असत. ते त्या शेतकऱ्याच्या घरी गेले असता आईने हळूच विचारले, आमच्या धाकट्यालाही नेणार का? जनरलांनीही तितक्याच हलक्या आवाजात सांगितले की, या भागाचे आधिपत्य माझ्याकडे आहे तोपर्यंत, त्याला बोलावणे आलेच, तरी त्याची नेमणूक घराजवळ व्हावी यासाठी मी शक्य ते करीन. ही कुजबूज बापाच्या कानी पडली. तो पुढे वाकून पत्नीला म्हणाला, तुमचे बोलणे मी ऐकले आहे. देशाला गरज लागेल तेव्हा तो जाईल, हे आपणा दोघांना ठाऊक आहे.

ही कथा सांगणारे बहुतेकजण बापाच्या उत्तरावर थांबतात आणि टाळ्या घेतात. बापाचे धैर्य मोठेच. परंतु माझे मन आईच्या प्रश्नाशी घोटाळते. तो प्रश्न निराधार भीतीचा नव्हता. सक्तीच्या लष्करभरतीचा नवा कायदा अमेरिकेत २४ जून १९४८ रोजी, म्हणजे अंत्यविधीच्या दोनच दिवस आधी मंजूर झाला होता. ज्या घरातील मुले सेवेत कामी आली व एकच मुलगा उरला, त्या एकुलत्या उरलेल्यास सूट देण्याची तरतूद या कायद्यात होती. गुंडाबाईंचे चार गेले होते. पण उरले होते दोन! कायद्याची भाषा आणि आईचे गणित जुळत नाही ते असे. तिने विचारले म्हणून तिची देशभक्ती उणी ठरविणारा मनुष्य मला तरी शहाणा वाटत नाही.

आपला या कथेशी संबंध काय, असे कोणी विचारील. लीरॉय इटलीत पडला त्यानंतर अठराच दिवसांनी, १० जुलै १९४४ रोजी, त्याच इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटणीचा नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडला. तो तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील पळसगावचा. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण समाधी नाही. कॅसिनो येथील स्मारकावर नाव तेवढे आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाण्यातून वाहून नेणारा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव ज्या सैन्यसमूहात लढला, त्याचे सेनापती हेच मार्क क्लार्क होते.

आपल्याकडे सक्तीची भरती नव्हती, हे खरे. परंतु पाऊस हुकला, सावकार दाराशी बसला की भरतीच्या तंबूकडे वाट आपोआप वळे, हेही तितकेच खरे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. १९१४ ते १९१९ च्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आपल्या अनेक खेड्यांत चावडीवर किंवा वेशीजवळ अजून दिसतात. गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच मजकूर. आकडे आहेत, नावे नाहीत. त्या आकड्यांत सख्खे भाऊ किती होते, कोणत्या घरातून दोन गेले आणि कोणत्या आईने सरकारी मनुष्याला दारात गाठून धाकट्याविषयी विचारले, हे पाटी सांगत नाही.

मंडळाच्या चिटणिसांच्या मेजावर आज एक कोरी वही ठेवलेली आहे. आपल्या घरातून कोणी लढाईवर गेले असल्यास त्यांचे नाव, गाव, पलटण आणि ठाऊक असेल तेवढी हकीकत तीत लिहावी. परत आलेल्यांचीही लिहावी. भाऊ असतील तर एकाखाली एक लिहावेत. पदक, पेन्शनचा कागद, शाईचे पोस्टकार्ड असे काही घरी असेल तर मूळ वस्तू देऊ नये, छायाचित्र द्यावे. लिहिताना घरातील वृद्ध स्त्रियांना विचारल्यावाचून वही मिटू नये. पलटणीचा क्रमांक त्यांना सांगता येणार नाही, पण कोण कोणत्या महिन्यात गेला ते सांगता येईल.